लाल दोऱ्याच्या तळटिपा

२ ऑक्टोबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळावरची ती उभी शीर टरारली असणार. फाडायचं असेल तर खुशाल फाड. फक्त आधी तिकीट सोडवून आईला दे, तिला हवं असतं.

नऊ वर्षांत मी तुला किती पत्रं लिहायला घेतली ते विचारू नकोस. सगळी 'ताई, कशी आहेस' एवढ्यावर येऊन अडली. कशी आहेस ते मला आईकडून कळतंच, आणि तू स्वतःहून ते सांगणार नाहीस हेही ठाऊक, मग पुढे लिहायचं काय? पण आता गंमत अशी झाली आहे की अठ्ठाविसाव्या वर्षी मला पुन्हा लिहायला शिकवताहेत. तेही जर्मनमध्ये! दिवसभर ती भाषा तोंडात घोळवली की संध्याकाळी मराठीत कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, आणि भांडायला तुझ्याइतकं हक्काचं माणूस माझ्याकडे दुसरं नाही.

मी इथे जुनी वस्त्रं जतन करायचं शिकायला आले आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे झगे, झेंडे, पडदे घ्यायचे आणि ते आणखी दोनशे वर्षं टिकतील असं बघायचं. शिकवणं सगळं जर्मनमध्ये. मला घेतलंय, पण अटीवर. पाच फेब्रुवारीच्या आत पंधरा पानांचा एक शोधनिबंध लिहून द्यायचा आणि त्याआधी वर्गासमोर वीस मिनिटं बोलायचं. दोन्ही विद्यापीठी जर्मनमध्ये. जमलं तर राहायचं, नाहीतर बोचकं उचलून चालू पडायचं.

बाजारहाट करण्यापुरती जर्मन मला येते. पण विद्यापीठी जर्मन म्हणजे त्याच भाषेने इस्त्रीचा कोट घातलेला असतो, ती ओळखच देत नाही. आमच्या जर्मनच्या बाई ठेंगण्या आहेत, साठीच्या, आणि त्यांच्या कानामागे कायम एक हिरवी पेन्सिल असते. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येतं हे मला कळलं. आता ते विसरा."

वर्गात आम्ही अकरा जण. माझ्या बाकावर एक घड्याळजी बसतात, पंचेचाळिशीचे, दाढीवाले, मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं दुरुस्त करायचे. जर्मनमध्ये 'अर्धा आठ' म्हटलं की साडेसात समजायचे, साडेआठ नव्हे. हे बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जन्मभर गावाला वेळ दाखवली आणि स्वतः पहिल्या तासाला तासभर उशिरा आले! दारात उभं राहून दोन्ही मनगटांवरची घड्याळं बाईंना दाखवत होते. मी इतकी हसले की मला बाहेर पाठवलं. मग आम्ही दोघं बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मैत्री केली.

बास. तू अजून वाचत असशील तर तुझा चहा गार झाला असेल.

धाकटी


१९ ऑक्टोबर

ताई,

माझ्या पहिल्या लेखी पानावर अठरा वेळा 'मी' होतं. बाईंनी अठराही ठिकाणी हिरवे गोल काढले. कागदाला कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं.

"विद्वान माणूस 'मी' म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "कापड धुतलं गेलं. डाग आढळला. असं दिसून येतं. कुणी धुतलं, कुणाला दिसलं, ते महत्त्वाचं नाही."

मला तेव्हा आपल्या आईची आठवण झाली. आई जन्मतःच विद्यापीठी बोलते. 'कप फुटला' म्हणेल, 'मी फोडला' कधी म्हणाली आहे का? 'दूध उतू गेलं', 'किल्ली हरवली', 'साखर जरा जास्त पडली'. मी हे वर्गात सांगितलं तर बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या आईंना थेट पदवी देता येईल."

घड्याळजींना हे 'मी'विना लिहिणं फार जड जातंय. माणूस सरळ आहे, जे केलं ते मी केलं म्हणतो. मला मात्र ते आठवडाभरात जमलं. बाईंना नवल वाटलं. मला नाही वाटलं.

आमच्या प्राध्यापकांचं नाव आम्ही 'स्वल्पविराम' ठेवलंय. त्यांचं वाक्य दाराशी सुरू होतं, पहिल्या बाकापाशी एक वळण घेतं, खिडकीपाशी दोन कंस उघडतं आणि क्रियापद येईपर्यंत लोकांच्या वह्या मिटलेल्या असतात. बाकीचे कासावीस होतात, मी आरामात बसते. मराठी माणसाला क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायची सवय असते, त्यात काय एवढं!

काल त्यांनी प्रत्येकाला विचारलं, निबंध कशावर लिहिणार? कुणी रेशमावर, कुणी रंगांवर, घड्याळजी तेलाच्या डागांवर. माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलेलं सगळं विसरले आणि तोंडातून निघून गेलं, "आमची लाँड्री आहे. डाग काढणाऱ्या बायकांना जे कळतं ते पुस्तकांत का नसतं, त्यावर." स्वल्पविराम बोलता बोलता थांबले. त्यांच्या आयुष्यातला पहिला पूर्णविराम असावा. मग म्हणाले, "हे लिहा."

आता मी दुकानाबद्दल पंधरा पानं लिहिणार आहे. तुझ्या डागांच्या वहीतली पुष्कळ पानं मी कॉलेजला जाताना उतरवून घेतली होती. ती माझ्या टेबलावर आहेत. हे तुला सांगायला हवं असं वाटलं, म्हणून सांगितलं.

धाकटी


११ नोव्हेंबर

ताई,

आईचं पत्र आलं. तिने लिहिलंय, 'तुझी पत्रं फोडली जात नाहीत, पण टाकलीही जात नाहीत, इस्त्रीच्या टेबलाच्या खणात ठेवली जातात.' बघितलंस, पुन्हा विद्यापीठी भाषा! कोण ठेवतं त्याचा पत्ताच नाही. पण मला तेवढ्यानेही इतका आनंद झाला की मी जिना दोन-दोन पायऱ्या चढून गेले आणि वरच्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं, माझी खोली खालीच आहे.

माझी इथे एक फजिती झाली, ती ऐक. आमच्याकडे दर तासाचा वृत्तांत एकाने लिहायचा आणि पुढच्या तासाला मोठ्याने वाचायचा असा शिरस्ता आहे. माझी पाळी आली. तू मला दुकानात काय शिकवलंस? कपडा घेताना दिसेल ते सगळं लिहायचं: बटण सैल, कॉलर घासलेली, खिशात तिकिटाचा तुकडा. तसंच मी केलं. वर्गासमोर उभं राहून वाचलं: 'अकरा वाजून चार मिनिटांनी प्राध्यापक खोकले. त्यांच्या डाव्या बाहीवर अंड्याच्या बलकाचा डाग आढळला, अंदाजे दोन दिवसांचा. रंगांवर चर्चा झाली. गरम पाणी लावू नये.'

वर्ग खो-खो हसत सुटला. स्वल्पविरामांनी बाही वळवून बघितली. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "तीन दिवसांचा आहे. आता निघेल का?" ताई, निघाला. गार पाणी, तुझी पद्धत. तेव्हापासून ते मला जिन्यातही नमस्कार करतात.

वृत्तांतात काय लिहायचं नसतं ते मला नंतर बाईंनी तासभर समजावलं. आणि मग त्या तळटिपांवर आल्या. जर्मन विद्वानांना तळटिपांचं फार वेड. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात आपण बोलायचं आणि खालच्या अर्ध्या भागात, बारीक अक्षरात, हे कुणाकडून घेतलं ते सांगायचं. घड्याळजी वैतागले. "प्रत्येक गोष्टीला कशाला? माणूस चोर आहे असं धरूनच चाललेत हे लोक."

मी त्यांना आपल्या दोऱ्यांचं सांगितलं. कपडा धुऊन झाला की ज्याने डाग काढला त्याच्या रंगाच्या दोऱ्याने आतल्या शिवणीला एक टाका घालायचा: आईचा निळा, तुझा लाल, माझा पिवळा. गिऱ्हाईक तक्रार करत आलं तर कुणाच्या नावाने शंख करायचा ते कळावं म्हणून आईने काढलेली युक्ती. पण आपण दोघी बालपणी रात्रीच्या जेवणाआधी टाके मोजायचो, आठवतं? तुझे कायम जास्त. घड्याळजींना ते एकदम पटलं. म्हणाले, "असं म्हणा की! दोरा आहे तो." आता ते तळटिपेला दोराच म्हणतात. बाईंनाही सवय झाली आहे.

माझ्या निबंधात आत्तापर्यंत नऊ दोरे झालेत. नऊच्या नऊ लाल.

धाकटी


२ डिसेंबर

ताई,

आज घोडं अडलं. निबंधाच्या शेवटी एक स्वतंत्र पान लागतं. त्यावर ठरलेला मजकूर असतो, खाली तारीख आणि सही. बाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि आम्हाला उतरवून घ्यायला सांगितला. मराठीत साधारण असा: 'मी याद्वारे जाहीर करते की हे काम मी स्वतः केलं आहे, आणि जे जे दुसऱ्याकडून घेतलं ते ते सांगितलं आहे.'

घड्याळजी ओरडले, "बाई! इथे 'मी' आहे!"

"इथे आहे," बाई म्हणाल्या. "पंधरा पानं तुम्हाला लपायला दिली. या पानावर बाहेर यायचं."

सगळे हसले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुला मी इतक्या पत्रांतून बाही आणि बलक आणि जिना सांगत बसले आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आता लिहिते.

तू ती पेटी तयार केली होतीस. स्पर्धेसाठी बारा चिंध्या, प्रत्येकीवर एकेक जुनाट डाग, अर्धा ठेवलेला, अर्धा काढलेला. गंज, मेण, शाई, रक्त, सगळे. सहा महिने तू दुकान आवरल्यावर त्यांच्यावर बसायचीस. पहिल्या क्रमांकाला कॉलेजची जागा होती आणि ती तुला हवी होती, घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग आईचं ऑपरेशन निघालं, तुला दवाखान्यात थांबावं लागलं आणि पेटी पोचवायला मला पाठवलंस. पेटीवर नाव घालायचं नव्हतं, फक्त प्रत्येक चिंधीच्या कोपऱ्यात आपली खूण आणि तीच खूण अर्जावर.

बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. पेटी मांडीवर होती. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटलं, ताई आईला सोडून थोडीच जाणार आहे, जागा फुकट जाईल. असं मी स्वतःला पटवलं. बारा लाल दोरे उसवले आणि बारा पिवळे घातले. अर्जावर पिवळी खूण केली. 'दोरे बदलले गेले' असं नाही, ताई. मी बदलले.

निकाल लागला, जागा मला मिळाली, तेव्हा तू ओरडली नाहीस. आईला काही सांगितलं नाहीस. फक्त विचारलंस, "कात्री कुठली वापरलीस?" मी उत्तर दिलं नाही. ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य होतं.

आईची. नखं कापायची, लहान. तिच्या पर्समधून घेतली होती.

मला माफ कर असं लिहायचा मला हक्क आहे की नाही मला कळत नाही, पण मी लिहिते. मला माफ कर. आणि हे लिहून झाल्यावर मला रडू यायला हवं होतं, तर कडकडून भूक लागली आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

धाकटी


१४ जानेवारी

ताई,

बोलणं पार पडलं! आधी ते सांगते, मग कामाचं.

वीस मिनिटं. जर्मनमध्ये. कागदाकडे न बघता. सकाळपासून घड्याळजी माझ्यामागे दोन घड्याळं घेऊन फिरत होते, एक मिनिटांसाठी आणि एक, म्हणाले, धीरासाठी. पहिली पाच मिनिटं मी टेबलाची कड धरून बोलले. मग डाग ओळखण्याचा भाग आला, आणि मी थैलीतून पाच मळके रुमाल काढून पहिल्या बाकावर ठेवले. म्हटलं, डाग काढण्याआधी तो कशाचा आहे ते कळायला हवं. यासाठी आमच्या दुकानात रसायन लागत नाही. डागाजवळ तोंड न्यायचं, हाऽऽ करून ऊन वाफ सोडायची आणि लगेच हुंगायचं. सुकलेलं दूध दूध म्हणून सांगतं, फळ फळ म्हणून सांगतं.

स्वल्पविराम उठले. रुमाल घेतला. हाऽऽ केलं. हुंगलं. "दूध!" असं ओरडले, पुढे एकही उपवाक्य नाही! मग सगळा वर्ग रुमालांवर तुटून पडला. अकरा शिकलेली माणसं हाऽऽ, हाऽऽ करताहेत आणि बाई फळ्याला टेकून डोळे पुसताहेत. घड्याळजी माझ्या कानात म्हणाले, मराठीत सांगायचं तर, "नाकाने कांदे सोलणारे विद्वान पुष्कळ पाहिले, नाकाने डाग ओळखणारे आजच." मी सगळ्यांना सांगितलं, ही माझ्या थोरल्या बहिणीची युक्ती, तिच्या वहीत आहे.

आता कामाचं. स्वल्पविरामांनी मला खोलीत बोलावलं. निबंध त्यांना आवडला आहे. पण ते म्हणाले, "छापलेल्या पुस्तकातून घेतलं तर पुस्तकाचं नाव पुरतं. जिवंत माणसाकडून घेतलं तर त्या माणसाचा होकार लागतो. लेखी. तुमच्या सतरा तळटिपा एकाच माणसाच्या आहेत."

मी विचारलं, "होकार आला नाही तर?"

"तर तळटिपा काढायच्या. आणि तळटिपा काढल्या की त्यावरचा मजकूरही काढायचा."

मजकूर काढला तर ताई, माझ्याकडे साडेतीन पानं उरतात. त्यातलं एक मुखपृष्ठ.

सोबत निबंध पाठवते आहे. जर्मन तुला कळणार नाही, म्हणून सतराही जागी समासात मराठीत लिहिलंय की इथे तुझं काय घेतलं. प्रत्येक तळटिपेत तुझं पूर्ण नाव आहे आणि पुढे 'डाग काढणारी, तीस वर्षांचा अनुभव, तोंडी व वहीतून'. तू चार वर्षांची असताना पहिला रुमाल धुतलास असं आई सांगते, म्हणून तीस. शेवटी एक कोरं पान जोडलंय. तुला होकार द्यायचा असेल तर त्यावर दे. नसेल द्यायचा तर नको देऊस, मी समजेन. तुझं आहे ते. एकदा न विचारता घेतलं, आता विचारून घेते आहे, आणि विचारणं म्हणजे 'नाही' ऐकायचीही तयारी ठेवणं, एवढं मला कळतं.

धाकटी


२९ जानेवारी

ताई,

टपाल इथे अकराला येतं. मी पावणेअकरापासून खाली उभी असते. पोस्टमन बाई मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतात, म्हणजे बिचारीला जवळ येऊन सांगायला नको.

घड्याळजी म्हणाले, "साडेतीन पानांची पंधरा करू, मी मदत करतो, मोठ्या अक्षरात लिहू." मी म्हटलं, नको. बाईंनी सुचवलं, "बहिणीचं नाव न घालता 'एक कारागीर' असं लिहिलं तर होकाराची गरज नाही." नियमात बसतं ते. दोन दिवस मी त्यावर विचार केला, खोटं कशाला बोलू. पण 'एक कारागीर' लिहायला पेन टेकवलं आणि मला ती बसमधली खिडकीजवळची जागा आठवली. मी पेनाला टोपण लावलं.

पाच तारखेला काही आलं नसेल तर मी साडेतीन पानंच देईन आणि बोचकं बांधेन. तुझ्यावर याचा भार नाही. खरंच नाही. हे चार महिने मी फार मजेत होते आणि त्यातली अर्धी मजा तुला सांगण्यात होती.

धाकटी


३ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

आलं! पोस्टमन बाई लांबून दोन्ही हात हलवत आल्या. खाकी कागद, वर आपल्या लाँड्रीची सुतळी, तीच दुहेरी गाठ. जिन्यातच बसून सोडली. निबंध बाहेर काढला तर पानांतून दोरे लोंबत होते.

तू प्रत्येक तळटिपेला टाका घातला आहेस! कागदातून, सुईने, लाल. पहिली, दुसरी, तिसरी. पाचवीत कंसात लिहिलंस, 'मेण आधी खरवडायचं, मग वर कागद ठेवून इस्त्री. हे लिहिलं नाहीस तर तुझे प्राध्यापक कागद जाळतील.' सहावीत, 'गंजाला लिंबू-मीठ बरोबर, पण उन्हात ठेवायचं राहिलं.' दुरुस्त केलं, ताई, दोन्ही दुरुस्त केलं.

आणि नववीपाशी पिवळा दोरा. मला वाटलं लाल संपला असेल. मग तुझं पत्र उलगडलं. तू ते लिहून विसरलीही असशील, मी मात्र घड्याळजींना जर्मन करून तीनदा वाचून दाखवलंय, म्हणून इथेही उतरवते:

'तुझी पत्रं खणात होती. पहिली मी फोडणार नव्हते. डिसेंबरातलं जाड लागलं म्हणून फोडलं आणि मग सगळी फोडली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. आईला सांगितलं बॉयलर बिघडलाय. तिने विश्वास ठेवला नाही.

कात्रीचं मला तेव्हाच माहीत होतं. आईला तिच्या पर्समधल्या कात्रीत लाल धागा सापडला होता, तो तिने माझ्यासमोर धरला. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. नऊ वर्षं लावलीस. मी खूप चिडले होते, ती जागा मला हवी होती, अजूनही कधी कधी चिडते. ते लगेच जाणार नाही. जुना डाग आहे, दोन-तीनदा भिजवावा लागेल.

नववी टीप माझी नाही. हाऽ करून हुंगायचं तू काढलंस. तू सहा वर्षांची होतीस, दुपट्यांच्या ढिगावर बसून सगळं हुंगत होतीस आणि आई म्हणाली, मांजर आहेस का. मी फक्त वहीत लिहिलं. अक्षर माझं आहे, नाक तुझं होतं. दुसऱ्याचं आपलं म्हणू नये, तसं आपलंही दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

बाकी सोळांना माझा होकार आहे. सही मागच्या पानावर. उन्हाळ्यात ये. नवी वाफेची इस्त्री घेतली आहे, तिचा दट्ट्या अडकतो, तुझ्या त्या घड्याळवाल्यांना विचारून ये.

आणि नखांच्या कात्रीने कुणी टाके उसवतं का? कापड फाटलं असतं म्हणजे!'

मी जिन्यात बसून इतकं रडले की वरच्या मजल्यावरच्या आजी पाणी घेऊन आल्या. मी हसत होते हे बघून पाणी ठेवून गेल्या.

मग एक नवीच अडचण आली. नववी टीप काढली, पण ते वाक्य आता कुणाच्या नावावर लिहायचं? 'असं आढळतं' म्हणावं तर कुणालाच आढळलेलं नव्हतं, मलाच आढळलं होतं. शेवटी मी धीर करून लिहिलं, 'ही रीत मी लहानपणी, दुकानात, हुंगून शोधली.' पंधरा पानांत एकच 'मी'. शेवटच्या पानावर सही केली, तारीख घातली आणि निबंध घेऊन बाईंकडे गेले.

बाई उभ्या उभ्या वाचत गेल्या. दोऱ्यांवरून बोट फिरवलं. नवव्या टिपेच्या त्या वाक्यावर आल्या आणि हात सवयीने कानामागे गेला. हिरवी पेन्सिल निघाली, 'मी'भोवती गोल झाला. मग त्यांनी समासातला पिवळा दोरा बघितला, माझ्याकडे बघितलं, टेबलाचा खण उघडून रबर काढलं आणि तो गोल पुसून टाकला.

घड्याळजींना दट्ट्याचं विचारलं आहे. म्हणतात, तेल नको, नुसता साफ करा. उन्हाळ्यात मी येऊन करते.

तुझी,
पिवळा दोरा